खिडकीखालची मोहरी

हुल्डा त्साउग लग्न होऊन सेर्नियालमध्ये आली तेव्हा तिच्याबरोबर एक रंगवलेलं कपाट, दोन लोखंडी तवे आणि बर्नकडची जर्मन बोली एवढंच होतं. त्यातलं कपाट तेवढं गावाला पसंत पडलं. तव्यांचं इथे काय करायचं ते कुणाला कळेना, आणि बोलीचं तर विचारूच नका. त्यातून पोरगी प्रॉटेस्टंट, आणि आम्ही फ्रेंच बोलणारे कॅथलिक. आमच्या ग्रुयेरच्या डोंगरात त्या काळी बाहेरची सून म्हणजे फार तर पलीकडच्या खोऱ्यातली. हिने भाषा, चर्च आणि बटाट्याची चव, तिन्ही सरहद्दी एका दमात ओलांडल्या होत्या.

नॉर्बर रुफियोने तिला एमेन्टालात पाहिलं, लष्करी सरावाला गेला होता तेव्हा. त्याच्या तुकडीचा मुक्काम तिच्या बापाच्या गोठ्याच्या माळ्यावर पडला होता. सकाळी हुल्डाने सगळ्यांना रोश्टी करून वाढली. आदल्या दिवशी उकडून ठेवलेले बटाटे किसून, तव्यावर दाबून, दोन्ही बाजूंनी सोनेरी आणि कडेला कुरकुरीत भाजलेली, तव्याएवढी एकेक. नॉर्बर तिथेच घायाळ झाला. मात्र आईपुढे हे कारण सांगायची त्याची छाती कधी झाली नाही. मुलगी कष्टाळू आहे, घराणं चांगलं आहे, असलं काहीतरी बोलून त्याने वेळ मारून नेली.

त्याची आई फिलोमेन. बुटकी, रुंद, कायम काळ्या एप्रनमध्ये. ऐन तारुण्यात नवरा गेला, आणि गाई, गहाणाचं शेत आणि दोन पोरं तिने एकटीने सांभाळली. अशा बाईच्या बोलण्याला धार येते, ती साहजिकच येते. पण खरं सांगायचं तर फिलोमेनच्या बोलण्याला ती आधीपासूनच होती. तिचं स्वयंपाकघर म्हणजे तिचं राज्य. मधोमध ते मोठं लाकडी धुरांडं, वर छपरापर्यंत निमुळतं होत गेलेलं, आणि आत काळोखात टांगलेल्या डुकराच्या मांड्या, हळूहळू धूर खात. त्या धुरांड्याखाली कोणी उभं राहायचं आणि कोणी नाही हे फिलोमेन ठरवायची.

नवी सून बघायला पहिल्या रविवारी सगळे नातेवाईक जमले. नॉर्बरचे मामा ऑगुस्त, धाकटी बहीण क्लोदीन, शेजारची अँजेल ग्रेमो, झाडून सगळे. फिलोमेनने फोंड्यू लावला होता, निव्वळ व्हाशरँचा. हे आमच्याकडचं मऊ चीज. ते वाटीभर पाण्यात अगदी मंद आचेवर विरघळवायचं, उकळी दिसता कामा नये, आणि कोमट कोमट खायचं. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं, म्हणून तर हुल्डाला कुणी ते सांगितलं नाही. नेमकी तेव्हाच गोठ्यातली गाय अडली. फिलोमेन निघता निघता म्हणाली, "तेवढं ढवळत राहा."

हुल्डाने भांड्यात पाहिलं. पाणी आणि चीज, ना बुडबुडा ना वाफ. तिच्या माहेरी फोंड्यू म्हणजे वाइन, आणि तो रटरटलाच पाहिजे. बाईंची गाईच्या गडबडीत वाइन घालायची राहिली, असं तिला वाटलं. सासूची लाज राखावी म्हणून तिने चांगली ग्लासभर पांढरी वाइन ओतली आणि आच मोठी केली.

फिलोमेन हात धुऊन परत आली तेव्हा भांड्यात वर पिवळं पाणी होतं आणि तळाशी सगळ्या चीजचा एक गोळा बसला होता.

"वाइन?" फिलोमेनने विचारलं.

"हो!" हुल्डा म्हणाली. तेवढं फ्रेंच तिला येत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणारं हसू होतं.

ऑगुस्त मामांनी चमचा बुडवला. सगळा गोळा एका दमात वर आला आणि चमच्याला लोंबकळत राहिला. "फिलोमेन," ते म्हणाले, "फेकू नकोस. माझ्या बुटाचा तळ निघालाय."

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. हुल्डाही हसली, कारण सगळे हसत होते. का हसतात ते तिला रात्री नॉर्बरने समजावलं, आणि मग मात्र ती उशीत तोंड खुपसून रडली.

झालं. त्या दिवसापासून तिचं नाव गेलं आणि 'बर्नवाली' पडलं. घरात एक विनोदही कायमचा येऊन बसला. फाटकाची बिजागरी निखळली, गाय आटली, गवत भिजलं, काहीही झालं की कोणीतरी म्हणायचंच, "बर्नवालीनं वाइन घातली वाटतं!" फिलोमेनने निकाल देऊन टाकला. "तिला बटाटे सोलू द्या. बटाट्यांशी तिचं जमतं." आणि ते दोन तवे माळ्यावर गेले. एकदा हुल्डाने धीर करून रोश्टीचं नाव काढलं, तर सासूने नाक मुरडलं. "बटाटे किसायचे, मग भाजायचे, मग पुन्हा चिकटवायचे. एवढा राग कशाला त्यांच्यावर?"

दुसरी कोणी असती तर माहेरचा रस्ता धरती किंवा तोंडाला तोंड देती. हुल्डा बटाटे सोलत राहिली. पण डोळे उघडे ठेवून. ती आमची भाषा शिकली, दोन मुली झाल्यावर त्यांना घेऊन आमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला लागली. नासपतीच्या झाडांवर तिचा हात असा बसला की फांद्या वाकायच्या. हॅम पाण्यात शिजवताना पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उकळता कामा नये, हे ती बघून शिकली. अंड्याच्या पांढऱ्याची, साखरेची मेरिंग कोरडी राहायला पावसाळी दिवशी भट्टी पेटवायची नाही, हेही. हळूहळू एकेक काम तिच्याकडे आलं. ते फिलोमेनने दिलं असं नाही, गुडघे दुखायला लागले म्हणून आलं. कुणी जेवण वाखाणलं तर सासू मान डोलवायची आणि पाहुण्याला वाटायचं, हे सासूच्याच हातचं.

एक काम मात्र कधीच आलं नाही. बेनिशोंची मोहरी.

ऑक्टोबरात गुरं डोंगरावरून खाली आली की आमच्याकडे बेनिशोंचा सण. दूरदूरची माणसं त्या रविवारी घरी येतात आणि टेबलावरून उठतच नाहीत. त्या जेवणाची सुरुवात केशराच्या गोल पावाने होते, वर लोणी आणि लोण्यावर मोहरी. म्हणायला मोहरी, पण खरं तर काळसर, दाट, गोड आणि तिखट असं चाटण, नासपतीच्या रसाचा आटवलेला काळा पाक आणि मसाले घालून केलेलं. प्रत्येक घराची वेगळी. जेवणाआधी शेजारीपाजारी दारोदार फिरून ती चाखतात आणि चाखून काय बोलतात ते पुढची बेनिशों येईपर्यंत गावभर फिरतं. दुकानात बाटलीतही मिळते म्हणे. ज्याला शेजारी नाहीत त्याने घ्यावी.

रुफियोंची मोहरी गावात पहिली. ती फिलोमेन दरवर्षी दार लावून करायची. सगळं मांडून झालं की म्हणायची, "बर्नवाली, जरा कोंबड्यांकडे बघ."

कोंबड्यांना काही झालेलं नसायचं. दोघींनाही ते ठाऊक असायचं. हुल्डा मुकाट्याने बाहेर जायची आणि खुराड्यापाशी उभी राहायची. गंमत अशी की खुराडं स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच होतं, आणि धूर कोंडू नये म्हणून ती खिडकी उघडी ठेवावीच लागायची. म्हणजे बाईंनी दाराला कडी लावली आणि खिडकीतून सगळं बाहेर सोडलं.

आधी काळा पाक तापल्याचा वास यायचा. मग वाइनचा. मग दालचिनी, तिच्यामागून चक्रीफूल, लवंग, बडीशेप. मग काही वेळ खलबत्त्याची टकटक, आणि कोंबड्या पंख पसरून खिडकीखाली धावायच्या, कारण एरवी त्यांच्यासाठी पावाची सुकी सालं त्याच खलबत्त्यात कुटली जायची. त्या दिवशी मात्र त्यांच्या वाट्याला काही यायचं नाही. शेवटी मोहरीच्या पिठाचा झणका असा यायचा की हुल्डाच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. निदान ती असं म्हणायची की पाणी मोहरीचं आहे.

मग एका सप्टेंबरात फिलोमेन गोठ्याच्या पायरीवरून घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. वय झालेलं, हाड जुळायला वेळ लागणार. नणंद क्लोदीन शहरातून गाडी घेऊन आली आणि इस्पितळाच्या खाटेपाशीच तिने फर्मान काढलं.

"ह्या वर्षी बेनिशों हॉटेलात. मी टेबल सांगून ठेवलंय. सगळ्यांना सोयीचं."

"घरी होईल," हुल्डा म्हणाली.

"कोण करणार?"

"मी."

क्लोदीन हसली. हसणं दुष्टपणाचं नव्हतं, ते जास्त लागलं. "अगं वहिनी, सगळं येतं तुला, कोण नाही म्हणतंय? पण मोहरी? पावाबरोबर काय देणार, रोश्टी?" मग आईकडे वळून म्हणाली, "एकदा हॉटेलात गेलं ना की बरं पडतं, आई. पुढच्या वर्षीपासून तिकडेच. आता तुझ्याच्यानं होणार नाही आणि घरात दुसरं आहे कोण?"

घरात दुसरं आहे कोण. इतकी वर्षं त्या घरात उठलेली, राबलेली, दोन बाळंतपणं काढलेली हुल्डा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. हॉटेलात गेलेली बेनिशों पुन्हा घरी येत नाही, हे आम्ही चार घरांत पाहिलं आहे. आणि बेनिशों गेली की घर उरतं ते नुसतं झोपायला. आता नाही तर कधीच नाही, एवढं हुल्डाला लख्ख कळलं.

ती सासूकडे वळली. "सासूबाई, मोहरीत काय काय घालता?"

फिलोमेन छताकडे बघत म्हणाली, "मोहरी."

"आणखी?"

"दुकानातून आण. नाहीतरी तोंड दाखवायला जागा राहणार नाहीच."

हुल्डा घरी आली, बाह्या वर सारल्या आणि नासपती उतरवायला शिडी लावली.

रस काढून मोठ्या तांब्याच्या कढईत धुरांड्याखाली चढवला. हा रस दिवस आणि रात्र आटत ठेवावा लागतो. सुरुवातीला वाटतं काही होतच नाही आणि शेवटी नजर हलली की करपलाच. ऑगुस्त मामा पत्त्यांचा जोड खिशात घालून आले. तसे ते मजा बघायलाच आले होते.

"वाइन कितीशी घातलीस, बर्नवाली?"

"तुमच्या ग्लासात घालते, मामा. तोंड बंद राहील."

मामा चमकले. ही असं बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं. मग ग्लास संपवून त्यांनी मुकाट्याने दुसरं लाकडी वल्हं उचललं आणि तिच्या समोर उभे राहून ढवळायला लागले. नॉर्बर सरपण आणत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी कढईच्या तळाशी काळा, चकचकीत, दाट पाक उरला, चमच्यावरून तारेसारखा उतरणारा. मामांनी बोट बुडवलं, चाटलं आणि काहीच विनोद केला नाही. तेवढ्यानेच नॉर्बरला धीर आला.

मोहरी करायच्या दिवशी मात्र हुल्डाने सगळ्यांना बाहेर काढलं. नवरा दारात घुटमळला. "मी काय करू?"

"कोंबड्यांकडे बघ," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःलाच हसू फुटलं.

तिने डोळे मिटले आणि खिडकीखाली उभी असल्यासारखी एकेक वास आठवत गेली. पाक. वाइन. दालचिनी. चक्रीफूल. प्रत्येक वेळी थांबायची, हुंगायची, चिमूटभर आणखी घालायची. लवंग किंचित जास्त होतेय म्हणताच तिच्या नाकाने कान पकडला. बडीशेप, मग मोहरीचं पीठ. डोळ्यांत पाणी आलं. वास अगदी तोच, तोळामासा फरक नाही. तिने आनंदाने चमचा तोंडात घातला.

आणि तिचं तोंड उतरलं. वास सगळा होता, पण चव नव्हती. जिभेवर नुसती जळजळ, मागून कडवट आंबटपणा. गोडवा कमी म्हणून तिने मूठभर साखर टाकून पाहिली, तर तो पोरांना द्यायचा जॅम झाला. पुन्हा नव्याने केली, पुन्हा तेच. बेनिशों उंबरठ्यावर आलेली. आता तिचं अवसान गळालं. ती चूल तशीच सोडून बाहेर गेली आणि खुराड्यापाशी सवयीच्या जागी जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, क्लोदीनचंच खरं. खिडकीतून जे जे बाहेर आलं ते आपण घेतलं. पण ज्याला वासच नाही ते खिडकीतून येणार कसं?

नॉर्बर तिथेच फाटकाची ती जुनी बिजागरी ठोकत होता. टक, टक, टक. आणि सगळ्या कोंबड्या पंख पसरून धावल्या, फाटकाकडे नव्हे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, आणि माना वर करून उभ्या राहिल्या.

"ह्या बघ खुळ्या!" नॉर्बर म्हणाला. "खलबत्ता समजल्या."

हुल्डा त्यांच्याकडे बघत राहिली. खलबत्ता. दरवर्षी त्या दिवशी तो वाजायचा. लवंग, बडीशेप झाल्यावर, पिठाच्या आधी, चांगला वेळ. कुटलेल्या मसाल्याचा वास दुप्पट यायला हवा. तसा कधी आला नव्हता. म्हणजे सासूबाई कुटत होत्या ते काहीतरी टणक होतं आणि त्याला वास नव्हता.

ती धावत आत गेली आणि फडताळाचा वरचा कप्पा तिने उघडला. तिथे एक पत्र्याचा डबा होता, तांबूस खडीसाखरेचा. कुणा पोराने हात लावला की फिलोमेन ओरडायची, "ठेव ते! माझ्या खोकल्याचं आहे." दर हिवाळ्यात डबा रिकामा झालेला असायचा आणि दर उन्हाळ्यात भरायचा. आणि हुल्डाला आत्ता, खुर्चीवर उभं राहून डबा हातात धरल्यावर सुचलं, की लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला एकदाही खोकताना ऐकलं नव्हतं.

ती खुर्चीवर उभ्या उभ्याच हसत सुटली. इतकी की नॉर्बर हातोडी घेऊन आत धावला.

खडीसाखर कुटली, सगळी बारीक नाही, थोडी भरड. मंद आचेवर सावकाश विरघळू दिली; नुसत्या पांढऱ्या साखरेला नसते ती तांबूस गोडी पाकात उतरली. मग पीठ. मग चमचा. ह्या वेळी आधी गोड आलं, ते जिभेवर पसरलं, त्याच्या मागून मसाला, आणि सगळं संपलं असं वाटतंय तोच मोहरीने नाकाशी येऊन हजेरी लावली. हुल्डाने चमचा खाली ठेवला आणि रिकाम्या स्वयंपाकघरात, एमेन्टालच्या बोलीत, मोठ्याने एक शब्द उच्चारला. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण आनंदाचा होता.

बेनिशोंच्या रविवारी ऊन असं पडलं की मोलेझोंचं शिखर अंगणात आल्यासारखं वाटत होतं. हॉटेलातलं टेबल नॉर्बरनेच रद्द केलं होतं, बायकोला न विचारता आणि बहिणीला न घाबरता. आयुष्यातलं त्याचं हे दुसरं धाडस. क्लोदीनने गाल फुगवून आईला गाडीतून आणलं. फिलोमेन कुबड्या टेकत आत आली, धुरांड्याखाली थांबली, वर हॅम उतरवल्यामुळे मोकळा झालेला आकडा पाहिला आणि हवेत नाक फिरवलं. हॅम, मनुका घातलेलं कोकराचं मटण, साखरेत तांबूस झालेल्या, झुपक्यांनी लागणाऱ्या छोट्या नासपती. जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

केशरी पाव टेबलावर आला, वर चौकटीच्या रेघा, अंड्याने चकाकणारा. शेजारी मोहरीचं मातीचं भांडं. हुल्डाने पहिला तुकडा सासूला दिला आणि लगेच हॅमचं ताट आणायला वळली. खरं म्हणजे तिला सासूचा चेहरा बघायचा नव्हता. परत आली तेव्हा सासूच्या बशीत तुकडा नव्हता. फिलोमेन स्वतःच्या हाताने दुसरा कापत होती, आणि तिचा चेहरा दगडासारखा होता.

तेवढ्यात अँजेल ग्रेमो चाखायला आली, मागून आणखी दोन-तीन शेजारी. अँजेलची जीभ सगळ्या गावात तिखट. आपली मोहरी रुफियोंच्या खालोखाल धरली जाते हे तिच्या मनात आयुष्यभर सलत आलेलं. ती आज मोठ्या आशेने आली होती. तिने पाव घेतला, लोणी लावलं, मोहरी लावली, चावला. मग डोळे बारीक केले.

"फिलोमेन! लबाड! पडायच्या आधीच करून ठेवलीस ना?" ती म्हणाली. "तरी म्हटलं, हॉटेल कसं रद्द केलं! हीच ती, तुझ्याच हातची. नाहीतर ही बर्नवाली काय करणार होती, वाइन ओतली असती!"

सगळे हसले, सवयीने. हुल्डा हॅमचं ताट धरून तिथेच उभी. तिने सासूकडे पाहिलं. आणि फिलोमेनने नुसतं गप्प बसायचं होतं. मान डोलवायची होती, जशी ती नेहमी डोलवत आली होती. कुणालाही कळलं नसतं.

फिलोमेनने सुरी खाली ठेवली.

"मी इस्पितळात पाठीवर पडले होते, अँजेल," ती म्हणाली. "ही मी केलेली नाही. आमच्या हुल्डानं केलीय."

त्या घरात ते नाव तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. नॉर्बरने चमचा पाडला.

"आणि तुझ्या मोहरीत, अँजेल, दालचिनी जास्त असते. इतकी वर्षं बोलले नाही, शेजारधर्म म्हणून. हुल्डाला विचार, सांगेल ती, कमी कशी करायची ते." मग ती सुनेकडे वळली. आवाजाला नेहमीची धार होती, पण डोळे वेगळं बोलत होते. "आता तू सांग. कुणी शिकवलं तुला? मी तर कुणाला सांगितलं नाही."

"तुम्हीच," हुल्डा म्हणाली. "दरवर्षी कोंबड्यांकडे धाडायचात ना? खिडकी उघडी असायची."

फिलोमेनने वळून खिडकीकडे पाहिलं.

"आणि खोकल्याचा डबा मी संपवलाय, सासूबाई. तुम्हाला आता खोकला आला तर पंचाईत आहे."

पहिल्यांदा हसले ते ऑगुस्त मामा, मग नॉर्बर, आणि मग ते हसू असं पसरलं की कुत्रं भुंकायला लागलं. ह्या वेळी हुल्डाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. खुद्द फिलोमेन हसता हसता डोळे पुसत होती, आणि पुसून झालं तरी पुसतच राहिली.

"बघा रे बघा," मामा ओरडले, "फिलोमेन विरघळली! मी म्हणत नव्हतो, व्हाशरँला पाणीच लागतं!"

त्या दिवशी रुफियोंच्या घरातून कुणी लवकर उठलं नाही. सूप झालं, हॅम झालं, मटण झालं, मध्ये अकॉर्डियन वाजला, आणि लाकडी बादलीतली दाट साय मेरिंगवर ओतून खाता खाता खिडक्यांबाहेर संध्याकाळ झाली. अँजेल ग्रेमो तीनदा परत आली, काहीतरी विसरल्याचं निमित्त करून. क्लोदीनने निघताना आईच्या कानाशी लागून विचारलं, "एक बरणी घेऊन जाऊ का मोहरीची?"

"मला काय विचारतेस?" फिलोमेन म्हणाली. "जिची आहे तिला विचार. दिली तर दिली."

क्लोदीनने विचारलं, आणि हुल्डाने दोन दिल्या. मोठ्या मनाने दिल्या असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ते देणं तिला चांगलंच गोड लागलं असणार, आणि का लागू नये?

आमच्याकडे बेनिशोंचा सोमवारही सुट्टीचा. सकाळी हुल्डा चूल पेटवायला आली तर सासू आधीच कुबड्या टेकून चुलीपाशी बसलेली. कालचे उकडलेले बटाटे टेबलावर तिने स्वतः काढून ठेवले होते.

"तुझे ते तवे कुठेत?" फिलोमेनने विचारलं.

"माळ्यावर."

"आण मग. आणि हे बघ, वाइन घालू नकोस."

हुल्डा तवे घेऊन आली, गंज घासला, बटाटे किसले. सवय मोडली असेल अशी धास्ती होती, पण हात काही विसरत नाहीत. तव्यात थापून दाबले, कडा सोनेरी झाल्या, ताट वर ठेवून एका झटक्यात उलटी केली, आणि आख्खी रोश्टी, कुठे भेगसुद्धा न पडता, तव्यात परत गेली. नॉर्बर वासानेच खाली उतरला, मोजे हातात घेऊन, आणि दारात उभा राहिला. त्याचं तोंड एमेन्टालच्या त्या सकाळी होतं तसं झालं होतं.

फिलोमेनने कडेचा कुरकुरीत तुकडा मोडून तोंडात घातला. चावला. आणखी एक घातला. मग मान वळवून तिने मुलाकडे बराच वेळ पाहिलं.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे ह्याच्यासाठी आणलीस तू हिला."

नॉर्बर कानांपर्यंत लाल झाला. फिलोमेनने आपली ताटली चुलीच्या दिशेने पुढे सरकवली.

"वाढ गं, हुल्डा. कडेची वाढ."